लेडव्हिलची सोपी वाट

कोलोरॅडोतलं लेडव्हिल हे गाव १०,१५२ फुटांवर, म्हणजे समुद्रसपाटीपासून ३,०९४ मीटर उंचीवर वसलं आहे. गावाला वळसा घालून जुन्या खाणींच्या टेकड्यांमधून जाणारी एक डांबरी सायकलवाट तिथे आहे, मिनरल बेल्ट ट्रेल. लांबी ११.६ मैल, साडेअठरा किलोमीटरच्या थोडी वर. मोटारींना बंदी. निघालो तिथेच परत येतो, त्यामुळे गाडी कुठे ठेवायची, न्यायला कोण येणार, असले प्रश्न पडत नाहीत. आम्ही डेन्व्हरजवळ राहतो. उन्हाळ्यात पुण्या-मुंबईहून आईबाबा, सासूबाई, आतेभाऊ, त्याची मुलं अशी घरची माणसं येतात, आणि त्यांना घेऊन आम्ही या वाटेवर जातो.

सायकलचा दांडगा सराव असलेले आमचे मित्र या वाटेचं नाव काढलं की नाक मुरडतात. त्यांचं लेडव्हिल वेगळं. १९८२ मध्ये जवळची क्लायमॅक्सची मॉलिब्डेनमची खाण बंद पडली आणि हजारो माणसांचा रोजगार गेला. गावात चार पैसे यावेत म्हणून केन क्लोबर या खाणकामगाराने १९८३ मध्ये शंभर मैल धावण्याची शर्यत सुरू केली. १९९४ पासून तिच्या जोडीला शंभर मैलांची माउंटन बाइकची शर्यत आली. जगभरातले कसलेले लोक त्यासाठी येतात. येऊ देत. पण ज्या वाटेवर सत्तरीतले बाबा आणि नऊ वर्षांची भाची एकाच वेळी सायकल चालवू शकतात ती वाट मला जास्त मोलाची वाटते. तिच्यावर जे शिकले ते इथे लिहिते.

१. आधी खाली झोपा, मग वर चढा.

डेन्व्हरची उंची १,६०९ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६. म्हणजे पाहुणा विमानतळावर उतरतो तोच जवळपास कळसूबाईच्या माथ्यावर. लेडव्हिल त्याच्या दुपटीला थोडं कमी. मोटारीने दोन-अडीच तासांत माणूस एवढा वर जातो, पण शरीराला ते इतक्या लवकर जमत नाही. हवेतला प्राणवायूचा वाटा वरही तितकाच, एकवीस टक्के. हवेचा दाब मात्र समुद्रकाठच्या तुलनेत सत्तर टक्क्यांच्या आसपास उतरतो. प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू तेवढ्याच हिशेबाने कमी होतो.

म्हणून आमच्याकडे नियम आहे: आलेल्या पाहुण्याने निदान दोन रात्री डेन्व्हरला काढायच्या. "झोप विमानात झालीय, उद्याच जाऊ," असा आग्रह सगळेच करतात. मी ऐकत नाही. उंचीचा त्रास बहुतेकांना पोहोचल्यावर लगेच होत नाही, काही तासांनी सुरू होतो. डोकं ठणकतं, मळमळतं, जेवण नको होतं, रात्री झोप लागत नाही. सकाळी ठणठणीत वाटलं म्हणजे सुटलो, असं समजू नये. आणि विसावा घेतल्यावरही धाप थांबत नसेल, चालताना तोल जात असेल, बोलणं असंबद्ध होत असेल, तर गोळी-काढा करत बसू नये. गाडीत बसवावं आणि खाली उतरावं. याला दुसरा पर्याय नाही. हृदयाचा किंवा फुप्फुसांचा जुना आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच यावं. तीच गोष्ट उंचीवरच्या गोळ्यांची.

कापराच्या पुडीबद्दल सांगायलाच हवं, कारण अमरनाथ आणि लेहची यात्रा केलेले सगळे ती आणतातच. कापूर हुंगल्यावर नाकात गार वाटतं, श्वास मोकळा झाल्याचा भास होतो. रक्तातला प्राणवायू त्याने वाढत नाही. लहान मुलांच्या हाती तर ती पुडी देऊच नये. कापूर पोटात गेला तर विषारी असतो.

२. ऑक्सिमीटर घरी ठेवा.

कोविडनंतर ते छोटं यंत्र प्रत्येकाच्या पिशवीत असतं. त्या दिवसांत चौऱ्याण्णवच्या खाली आकडा गेला की घरात धावपळ व्हायची, ती भीती अजून आपल्या मनातून गेलेली नाही. लेडव्हिलला निरोगी माणसाचाही आकडा नव्वदीच्या आसपास येतो. बाबांनी बोट घातलं, आकडा पाहिला आणि त्यांचा चेहराच उतरला. त्यानंतर सायकल चालवण्यापेक्षा आकडा बघणंच जास्त झालं. मी त्यांना म्हटलं, "बाबा, तुम्ही माझ्याशी नीट बोलताय, तुम्हाला भूक लागलीय, डोकं दुखत नाही. मला तेवढं पुरे आहे."

तेव्हापासून मी वेगाचं मापही तेच ठेवलं आहे. सायकल चालवताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य अर्ध्यात तुटायला लागलं की गिअर हलका करायचा, तरी तुटलं तर उतरायचं. धाप लागल्यावर थांबणं उशिराचं असतं; एवढ्या उंचीवर एकदा दम गेला की परत यायला वेळ लागतो. सर्वांत सावकाश चालवणाऱ्याला पुढे ठेवायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या मागे राहायचं. मागे पडलेला माणूस गाठण्यासाठी जोर लावतो, आणि इथे तोच जोर नडतो. सासूबाई पुढे असल्या की सगळ्या कुटुंबाचा वेग आपोआप बरोबर येतो.

३. चढ आगगाडीचा आहे.

गावाच्या पूर्वेला खाणींच्या टेकड्या आहेत, तिथे वाट चढते. कोणत्याही बाजूने निघालात तरी हा चढ चुकत नाही. पण तो अंगावर येत नाही, आणि त्याला कारण आहे. वाटेचे बरेच भाग जुन्या रेल्वेमार्गांवरून गेले आहेत. १८८० मध्ये डेन्व्हर अँड रिओ ग्रांड कंपनीची गाडी लेडव्हिलला पोहोचली. मग एकेका खाणीपर्यंत फाटे गेले, धातुकाची वाघिणी भरून खाली आणण्यासाठी. वाफेच्या इंजिनाला उभा चढ पेलत नाही, म्हणून इंजिनिअरांनी डोंगराच्या कडेकडेने, लांबचा वळसा घेत, सौम्य उताराचा मार्ग कोरला. आज आपण सोपेपणाने चढतो ते त्या मोजमापामुळे. रूळ उखडले गेले, पण चढ त्यांनी आखला तोच राहिला.

मला या वाटेवर चढताना घाई करावीशी वाटत नाही ती त्यामुळेही. ज्यांनी थंडीत, पहारी आणि सुरुंगाच्या दारूने हा डोंगर कापला, त्यांच्यातल्या बहुतेकांची नावं कुठे नोंदलेली नाहीत. गावाच्या एव्हरग्रीन स्मशानभूमीत एका बाजूला हजारावर आयरिश माणसं खुणेच्या दगडाविना पुरलेली आहेत. खाणकामगार, त्यांच्या बायका, तान्ही मुलं. बरेचसे तिशीच्या आतले. त्यांच्यासाठी तिथे स्मारक व्हायला २०२३ साल उजाडलं. सायकल झाली की आम्ही तिथे जाऊन येतो. मुलांनाही नेतो.

४. बारा वाजायच्या आत उतरा.

जुलै-ऑगस्टमध्ये रॉकी पर्वतातही पावसाळा असतो. सकाळ निरभ्र, अकराच्या सुमाराला शिखरांवर पांढरे ढग, दुपारी गडगडाट आणि विजा. पावसात भिजायला आपल्याला कोणी शिकवायला नको, पण उघड्या टेकडीवर सायकल घेऊन विजेत सापडणं वेगळं. आठला निघावं. आठला गार असतं, तेव्हा कानटोपी आणि हातमोजे लागतात. दहाला ऊन भाजायला लागतं, कारण पातळ हवेत अतिनील किरण फारसे अडत नाहीत. मानेच्या मागे आणि कानांच्या पाळ्यांना क्रीम लावायला माणसं विसरतात.

५. डांबर सोडू नका.

या वाटेवर दोन्हीकडे रंगीत ढिगारे दिसतात: पिवळे, गेरूसारखे लाल, राखाडी. त्यांच्यावर लाकडी खांबांचे जुने सांगाडे उभे आहेत, ज्यांवरून खाणीत पाळणे उतरायचे. मुलांना वाटतं, चढून पाहावं. चढू देऊ नका. खाणीतून काढून टाकलेल्या त्या मातीत शिसं, कॅडमियम, आर्सेनिक असतं, आणि शिशाचं विष लहान मुलांना सर्वांत जास्त बाधतं. शिवाय जुन्या विहिरीसारख्या शाफ्टांवरची जमीन कधी खचेल याचा नेम नाही.

१८६० मध्ये इथल्या कॅलिफोर्निया गल्च या घळीत सोनं सापडलं. सोनं धुताना चाळणीत एक काळी जड वाळू अडायची आणि माणसं वैतागून ती फेकून द्यायची. १८७० च्या दशकात कोणी तरी ती तपासली. ते शिशाचं धातुक होतं आणि त्यात चांदी होती. १८७८ मध्ये गावाचं नाव लेडव्हिल ठरलं. १८८० च्या जनगणनेत चौदा हजारांवर वस्ती. पुढची शंभरेक वर्षं चांदी, शिसं, जस्त निघत राहिलं आणि पोखरलेल्या डोंगरातलं आम्लयुक्त, धातूंनी भरलेलं पाणी घळीतून आर्कान्सा नदीत जात राहिलं. नदीतले मासे मेले. १९८३ मध्ये अमेरिकी सरकारने कॅलिफोर्निया गल्चचा परिसर देशातल्या सर्वांत दूषित जागांच्या यादीत, म्हणजे 'सुपरफंड'मध्ये घातला.

त्यानंतरची हकीकत मला फार महत्त्वाची वाटते. पाणी शुद्ध करण्याचा कारखाना उभा राहिला. माती हलवली, झाकली, अडवली. पण गावकऱ्यांनी सगळे ढिगारे सपाट करू दिले नाहीत. आमच्या आजे-पणजोबांच्या कष्टांची ही खूण आहे, ती पुसू नका, असं त्यांचं म्हणणं होतं. विष अडवायचं आणि खूणही ठेवायची, असा मार्ग काढावा लागला. या भागातली शेवटची चालू खाण, ब्लॅक क्लाउड, १९९९ मध्ये बंद झाली, आणि २००० मध्ये ही सायकलवाट खुली झाली. वाटेवर ठिकठिकाणी फलक आहेत, कोणती खाण, कोणाची, काय निघालं. २०१४ मध्ये आर्कान्सा नदीच्या वरच्या शंभर मैलांहून अधिक पात्राला राज्याने ट्राउट माशांसाठी उत्तम दर्जाचं पाणी ठरवलं. नदी परत आणता येते, हे मी या गावात शिकले. मिठी नदीच्या काठावर वाढलेल्या माणसाला याचं काय वाटतं, ते मुंबईकरांना सांगायला नको.

६. मॅचलेस खाणीपाशी सायकल लावा आणि मुंबईची टांकसाळ आठवा.

सातव्या रस्त्याच्या वरच्या अंगाला मॅचलेस नावाची खाण आहे. होरेस टेबर हा इथला दुकानदार. १८७८ मध्ये त्याने दोघा फिरस्त्यांना शिधा दिला आणि सापडेल त्यात हिस्सा ठरवला. त्यांना चांदीची शीर लागली. टेबर कोट्यधीश झाला. मॅचलेस विकत घेतली, १८७९ मध्ये गावात ऑपेरा हाउस बांधलं, ते अजून उभं आहे. आणि १८९३ मध्ये तो धुळीला मिळाला. १८९९ मध्ये वारला तेव्हा हाती काही नव्हतं. त्याची दुसरी बायको, 'बेबी डो' नावाने ओळखली जाणारी, या खाणीशेजारच्या लाकडी खोपटात एकटी राहिली आणि १९३५ च्या मार्चमध्ये तिथेच गारठून मेलेली सापडली. सगळे वाटाडे ही गोष्ट प्रेमकथा म्हणून सांगतात. मला त्यातलं १८९३ सोडवत नाही.

तोवर हिंदुस्थानात चांदीचं चलन होतं. कोणीही चांदी घेऊन मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या टांकसाळीत जावं, ठरलेला आकार भरावा आणि रुपये पाडून घ्यावेत, अशी मोकळीक होती. जगातली खाणीतून निघणारी चांदी रिचवणारा एवढा मोठा देश दुसरा नव्हता. नेवाडा, कोलोरॅडो, मेक्सिको इथून चांदी भरमसाट निघायला लागली तसा तिचा भाव पडत गेला आणि त्याबरोबर रुपयाही पौंडाच्या तुलनेत घसरत गेला. विलायतेला दरवर्षी पौंडांत पैसे धाडणाऱ्या इंग्रज सरकारचा हिशेब बिघडला. हर्शेल समितीच्या शिफारशीवरून २६ जून १८९३ रोजी सरकारने टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या. तारेने बातमी पोहोचली आणि काही दिवसांत चांदीचा भाव सुमारे पाव हिश्शाने कोसळला. कोलोरॅडोतल्या खाणी आणि भट्ट्या एकामागून एक बंद झाल्या, बेकार माणसांचे लोंढे डेन्व्हरच्या रस्त्यांवर आले. चांदी विकत घेण्याचा अमेरिकी सरकारचा १८९० चा कायदाही त्याच नोव्हेंबरमध्ये रद्द झाला, आणि उरलीसुरली आशा संपली.

मुंबईत असताना मी नोकरीसाठी रोज फोर्टात जायचे. शहीद भगतसिंग मार्गावर टांकसाळीचे ते दगडी खांब बघतच मोठी झाले म्हणा. ते फाटक लोकांच्या चांदीला बंद करण्याच्या एका निर्णयाने पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाचं डोंगरातलं गाव बसलं, हे मॅचलेसपाशी उभं राहून समजून घेताना मला अजूनही गलबलतं. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आपल्या देव्हाऱ्यातले राणीछाप." दर लक्ष्मीपूजनाला आमच्या घरी जे बंदे रुपये पुजतात त्यांत व्हिक्टोरिया राणीचे आहेत, ९१.७ टक्के चांदीचे, वजन साडेअकरा ग्रॅमच्या वर. त्यांतल्या एखाद्यात लेडव्हिलची चांदी असेल का, ते कोणी सांगू शकणार नाही. पण आई त्या खाणीकडे बघत खूप वेळ उभी राहिली, आणि मुलांना बोलावून तिने सगळी गोष्ट परत स्वतः सांगितली.

७. खाणं घरून न्या, कुकरही न्या.

उंचीवर भूक मरते, तहान कळत नाही. कोरड्या हवेत घाम लगेच वाळतो म्हणून आपण घामेजलोय हे लक्षात येत नाही. दर वीस-पंचवीस मिनिटांनी दोन घोट, तहान नसली तरी. आम्ही लिंबू-साखर-मीठ घातलेलं पाणी नेतो. धपाटे, गुळाची चिक्की, केळी. तळलेलं टाळतो, वर ते पोटात बसून राहतं.

गावात मुक्काम करणार असाल तर प्रेशर कुकर गाडीत टाका. तिथे पाणी सुमारे ९० अंशांनाच उकळतं. उघड्या पातेल्यात तुरीची डाळ तासन्‌तास खदखदते आणि दाणा दाताखाली येतोच. भातही तसाच. चहा जरा जास्त वेळ उकळावा लागतो.

८. उतारावर अंग झाका.

चढून घामेजलेलं अंग उताराच्या वाऱ्यात थंडगार पडतं. माथ्यावर थांबून विंडचीटर घालावा, मगच सोडावं. दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबत यावं, नुसता पुढचा नको. वाट दोन्ही दिशांना चालू असते, समोरून चालणारी माणसं, बाबागाड्या, कुत्री येतात.

याच उतारावर पश्चिमेला कोलोरॅडोतली सर्वांत उंच दोन शिखरं समोर येतात, एल्बर्ट आणि मॅसिव्ह. एल्बर्ट ४,४०१ मीटर. पाहायचं असेल तर सायकल थांबवून बघा, चालवता चालवता नको.

९. सायकल येत नसेल तरी या.

आमच्या सासूबाई सायकल चालवतात, आईला येत नाही. आई गावाजवळच्या टोकापासून दीडेक किलोमीटर चालते, बाकावर बसते, परत येते. गावातले म्हातारे तसंच करतात. हिवाळ्यात या वाटेवर बर्फ दाबून सपाट करतात आणि शाळेची मुलं, घरकाम उरकून आलेल्या बायका स्कीवरून तिचा फेरा घालतात. ही वाट पाहुण्यांपेक्षा गावाची जास्त आहे, हे लक्षात ठेवून वागावं. मोठ्याने गाणी लावू नयेत, चिक्कीचे कागद खिशात ठेवावेत, बाजूने जाताना आवाज द्यावा.

१०. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा निवडा.

जूनच्या सुरुवातीला सावलीत अजून बर्फ असतो. जुलै-ऑगस्ट फुलांचे, पण विजांचे. सप्टेंबरच्या शेवटी अ‍ॅस्पनची पानं पिवळीधमक होतात, दुपारचे ढग कमी होतात, आणि शर्यतींची गर्दी ओसरलेली असते. शनिवार-रविवार टाळावेत, कारण पानं बघायला सगळं डेन्व्हर डोंगरात येतं आणि परतीच्या रस्त्यावर जो बोगदा लागतो त्याच्याआधी गाड्यांची रांग लागते. मंगळवार-बुधवार उत्तम. आतेभाऊ या खेपेला ऑक्टोबरात येतो म्हणत होता. मी त्याला तिकीट दोन आठवडे अलीकडचं काढायला सांगितलं आहे, आणि पहिल्या दोन रात्री डेन्व्हरच्या.